फळीचा झोळ

सांगलीच्या गावभागात आमचं घर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी चाळीस फुटांची इशारा पातळी ओलांडून पंचेचाळीसच्या धोका पातळीकडे निघालं, तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांनी जे केलं तेच आम्हीही केलं. खालचं वर उचललं. धान्याचे डबे पोटमाळ्यावर गेले, गाद्या पलंगावर, पलंगाचे पाय विटांवर आणि पुस्तकं कपाटाच्या वरच्या फळ्यांवर. खालचे तीन खण रिकामे करून वरच्या दोन खणांत पुस्तकांच्या दुहेरी ओळी लावल्या. ओळींवर जी जागा उरली तिथे बांधलेले अंक आडवे सरकवले. हात भरून आले, पण पुस्तकं सुरक्षित झाली या समाधानात आम्ही जेवायला बसलो.

रात्री अडीचच्या सुमाराला मोठा आवाज झाला. पाणी अजून उंबऱ्यालाही लागलं नव्हतं. वरची फळी एका टोकाने निसटून खालच्या फळीवर आली होती, तिने खालचीला सोबत घेतलं आणि दोन्ही खणांतली पुस्तकं जमिनीवर पसरली होती. वीज गेलेली. बॅटरीच्या उजेडात जेवढी उचलता आली तेवढी उचलली. पहाटे पाणी आत आलं. आमच्या घरातून त्या पुरात जी पुस्तकं गेली, ती आधी फळीने खाली टाकली आणि मग पाण्याने नेली. पुराचं दुःख सगळ्या सांगलीने वाटून घेतलं. त्या फळीचं दुःख मात्र माझं एकटीचं राहिलं, कारण ते टाळता आलं असतं.

ही पुस्तिका त्या रात्रीतून निघाली आहे. पुस्तकं कशी निवडावीत, कशी लावावीत, त्यांचं वर्गीकरण कसं करावं यावर मराठीत बरंच लिहिलेलं आहे. शाळेच्या ग्रंथालयात मी तीस वर्षं काढली, तेव्हा त्यातलं बरंचसं वाचलंही आहे. पण पुस्तकं ज्या फळीवर उभी असतात तिला किती भार पेलतो, ती का वाकते आणि वाकलेली सरळ कशी करायची, हे मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी शिकवलं नाही. ते शिकवलं एका सुताराने, पूर ओसरल्यावर, आमच्या ओल्या भिंतींच्या खोलीत बसून.

मिस्त्रींनी आधी तुटलेल्या फळीचा कापलेला काठ बघितला. लाकडाच्या भुश्यात चिकटद्रव घालून दाबलेला तो पार्टिकल बोर्ड होता, वरून सागवानी रंगाचा कागद. साडेतीन फूट लांब, अठरा मिलिमीटर जाड. दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या चार खुंट्या, त्यांवर फळी नुसती टेकवलेली. कपाट तयार विकत घेतलेलं होतं. घेताना मी रंग पाहिला होता, आरसा पाहिला होता. फळीची लांबी मोजली नव्हती.

"बाई," मिस्त्री म्हणाले, "फळी वजनानं वाकती असं तुमास्नी वाटतंय. ती लांबीनं वाकती."

या वाक्याचा पुढे मी जेवढा अभ्यास केला तेवढं ते मला अधिक खरं वाटत गेलं. पुस्तिकेतल्या सगळ्या प्रकरणांचं मूळ त्यातच आहे, म्हणून ते इथे जरा उलगडून सांगते.

आधी वजनाची गोष्ट. आपण एकेक पुस्तक हातात घेतो, त्यामुळे त्याचं वजन कधी जाणवत नाही. पण बांधलेल्या पुस्तकाचा कागद म्हणजे दाबून घट्ट केलेला लाकडाचा लगदाच असतो. साध्या कागदाचं पुस्तक तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या पाऊणपट भरतं. सागवानाचा ठोकळा त्याहून हलका असतो. म्हणजे ज्या लाकडावर आपण पुस्तक ठेवतो त्याच्यापेक्षा पुस्तकच जड. गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेलं चित्रांचं पुस्तक तर पाण्याहूनही जड, कारण त्या कागदावर मातीचा लेप असतो. नेहमीच्या डेमी आकाराच्या कादंबऱ्या-कथासंग्रहांची एक फूट ओळ सहा ते सात किलो होते. मोठ्या आकाराच्या कोशांची एक फूट ओळ चौदा किलोपर्यंत जाते. तीन फुटांच्या फळीवर कोश भरले की त्या एका फळीवर चाळीस किलोंच्या वर भार आला. शेतकरी घरातल्या माणसाला हे पटकन कळावं म्हणून असं सांगते, की सहा खणांचं तीन फुटी कपाट साध्या पुस्तकांनी गच्च भरलं तर सव्वा क्विंटल होतं आणि कोशांनी भरलं तर अडीच क्विंटल. साखरेची पाच पोती एकावर एक रचून ती दहा इंच रुंदीच्या जागेत उभी करावीत तसं.

आणि हे ओझं कधी उतरत नाही. हमालाच्या पाठीवरचं पोतं अर्ध्या तासाने खाली येतं. फळीवरचा ज्ञानकोश चाळीस वर्षं तिथेच असतो. लाकूड आणि लाकडापासून केलेले सगळे बोर्ड सततच्या भाराखाली हळूहळू ढिले पडत जातात. पहिल्या दिवशी जेवढा झोळ पडला तेवढाच पुढच्या काही वर्षांत आणखी पडतो, बोर्ड कच्चा असेल तर त्याहूनही जास्त. म्हणून कपाट घेतल्यावर महिन्याभरात "काही झालं नाही" असं म्हणून निर्धास्त होऊ नये. फळी फार क्वचित मोडते. ती वाकत राहते. वाकता वाकता तिची टोकं आधारावरून आत ओढली जातात, कपाटाच्या बाजू किंचित बाहेर फाकतात आणि एके दिवशी टोक खुंटीवरून निसटतं. आमच्याकडे त्या रात्री नेमकं हेच झालं.

आता लांबीची गोष्ट. फुटामागे भार तेवढाच धरला आणि फळीची लांबी दुप्पट केली, तर झोळ दुप्पट होत नाही, सोळापट होतो. दोन फुटांची फळी तीन फुटांची केली की झोळ पाचपट. जाडीचा हिशेब याच्या उलट आणि आपल्या बाजूचा. जाडी दुप्पट केली की झोळ आठव्या हिश्शावर येतो. हे गणित अभियांत्रिकीला तुळईच्या धड्यात शिकवतात. पण ते पुलासाठी असतं असं समजून मुलं घरी येतात आणि आपली पुस्तकं चार फुटांच्या फळीवर लावतात.

एक उदाहरण पूर्ण करते. तीन फूट लांब, दहा इंच रुंद, अठरा मिलिमीटर जाड पार्टिकल बोर्डाची फळी, दोन्ही टोकांना नुसती टेकलेली, फुटाला नऊ-दहा किलो पुस्तकं. पहिल्याच दिवशी तिला मधोमध आठेक मिलिमीटर झोळ पडतो, म्हणजे सुताराच्या भाषेत अडीच सूत. आठ सूत म्हणजे एक इंच, हे नव्या वाचकांसाठी. तीच फळी सागवानाची असती तर झोळ दोन मिलिमीटरच्या आत राहिला असता. प्लायवूड या दोघांच्या मधे बसतं. तीन फुटांत एक सूत झोळ आला की माणसाच्या डोळ्याला तो कळायला लागतो. त्याच्या आत असेल तर दिसत नाही आणि बहुधा त्रासही देत नाही.

सागवान परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. गावोगावची 'ड' वर्गाची वाचनालयं कशा अनुदानावर चालतात तेही मी पाहिलं आहे. त्यामुळे या पुस्तिकेत सबंध सागवानी कपाट करा असा सल्ला कुठेच नाही. आहे ती फळी बळकट कशी करायची, हाच प्रश्न मी धरला. याचं उत्तर मिस्त्रींनी आमच्याच दुसऱ्या कपाटावर करून दाखवलं, आणि ते जवळून पाहिलं म्हणून मला त्यावर विश्वास बसला.

त्यांनी जुन्या दाराच्या चौकटीतला सागवानाचा एक तुकडा आणला. रंधा मारून त्याची पट्टी काढली, दीड इंच उंच, पाऊण इंच जाड, फळीएवढी लांब. वाकलेली फळी कपाटातून काढून पालथी केली आणि फरशीवर दोन दिवस तशीच, वर विटा ठेवून राहू दिली. मग फळीच्या पुढच्या काठाला पट्टी उभी लावली. आडवी नाही, उभी. तिचा वरचा काठ फळीच्या वरच्या पातळीला, म्हणजे उरलेली पट्टी खाली लोंबती. आधी फेविकॉल, मग दर सहा इंचांवर स्क्रू. बोर्डाच्या काठात स्क्रू धरत नाही, भुसा सुटतो, म्हणून भोक आधी बारीक पाडून घेतलं आणि स्क्रू लांब वापरला. चोवीस तास शिकंज्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी मी तिच्यावर मधोमध हात रोवून भार दिला तर ती हललीसुद्धा नाही.

नंतर मी घरी कागदावर हिशेब मांडून पाहिला. दीड इंच उंचीच्या त्या एकट्या सागवानी पट्टीची ताठरता सबंध दहा इंच रुंद बोर्डाच्या तिप्पट भरली. दोन्ही मिळून चौपट झाली. आठ मिलिमीटरचा झोळ दोनवर आला. लाकूड किती लागलं म्हणाल, तर तीन फूट लांबीचा अंगठ्याएवढा तुकडा. उंची हेच सगळं बळ असतं, रुंदी नाही. घराची तुळई उभी का ठेवतात, आडवी का नाही, हे वाड्यात वाढलेल्या कुणालाही माहीत असतं. ते कपाटात वापरायचं मात्र आपल्याला सुचत नाही. लोखंडी रॅकच्या पातळ पत्र्याच्या कडा चारी बाजूंनी खाली दुमडलेल्या असतात, त्याचं कारण हेच. कड सपाट करून बघा, तो पत्रा हातात लवेल.

पुढच्या काठाला पट्टी लावली आणि मागचा काठ तसाच सोडला, तर फळी मागे कलते. मागचा काठ कपाटाच्या पाठीला बांधावा लागतो. पाठ प्लायची असेल तर मागून दर पाच-सहा इंचांवर खिळे किंवा स्क्रू. भिंतीला लागून फळ्या असतील तर खाली लाकडी बॅटन, भिंतीत प्लग मारून, फळीच्या पूर्ण लांबीची. दोन टोकांच्या प्लास्टिकच्या खुंट्या काढून टाकाव्यात आणि त्यांच्या जागी फळीच्या पूर्ण खोलीएवढ्या आडव्या पट्ट्या ठोकाव्यात. एवढं केलं की साडेतीन फुटी फळीही सहसा तक्रार करत नाही.

मधला आधार हा दुसरा उपाय. तीन फुटांच्या फळीखाली मधोमध उभा पाट दिला की ती दीड-दीड फुटांच्या दोन फळ्या होते आणि झोळाचा प्रश्न जवळजवळ संपतो. पण इथे एक चूक मी इतक्या वाचनालयांत पाहिली आहे, की तिच्यासाठी या पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण लिहिलं. मधला पाट एकाच खणात देतात. वरच्या फळीला आधार मिळाला म्हणून सगळे खूश. प्रत्यक्षात वरच्या फळीचा अर्धाअधिक भार त्या पाटातून खालच्या फळीच्या बरोबर मधोमध उतरला, म्हणजे ती जिथे सगळ्यात दुबळी तिथेच. पाट द्यायचा तर वरून खालपर्यंत एका ओळंब्यात, शेवटचा थेट जमिनीला टेकलेला. भाराला जमिनीपर्यंत सलग वाट लागते. वाट मधे तुटली की तो जिथे अडला तिथे बसतो.

फळीचा हा विचार माझ्याआधी पुष्कळांनी केला आहे. इंग्लंडचे पंतप्रधान राहिलेले ग्लॅडस्टन यांनी १८९० मध्ये पुस्तकं आणि ती ठेवण्याची व्यवस्था या विषयावर एक निबंध लिहिला. राज्यकारभार सांभाळलेल्या माणसाने फळ्यांवर गंभीरपणे लिहावं याचं मला फार अप्रूप वाटलं. त्यांचा कल कपाटाला पक्क्या बसवलेल्या फळ्यांकडे होता, सरकवण्याच्या फळ्यांकडे नव्हता. हेन्री पेट्रोस्की या अमेरिकन अभियंत्याने १९९९ मध्ये पुस्तकाच्या फळीवर अख्खं पुस्तक लिहिलं. ग्रंथालयांच्या लोखंडी रॅकची फळी जगभर साधारण तीन फूट म्हणजे नव्वद सेंटिमीटर ठरून गेली आहे. आपल्याकडे मात्र फळीची लांबी भिंत ठरवते. भिंत पाच फूट मोकळी आहे ना, मग फळी पाच फूट.

माझं लहानपण वाईचं. आमच्या आळीपासून चालत पाच मिनिटांवर विश्वकोशाचं कार्यालय. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांना रस्त्याने जाताना पाहिल्याचं मला आठवतं. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि विसावा खंड पूर्ण व्हायला पुढची जवळजवळ चाळीस वर्षं गेली. वाईत प्राज्ञपाठशाळेने धर्मकोश काढला, केवलानंद सरस्वतींचा मीमांसाकोश सात भागांत तिथूनच निघाला. जड पुस्तकं निर्माण करणारं एवढंसं गाव दुसरं मला माहीत नाही. आमच्या वडिलांनी विश्वकोशाचे खंड निघतील तसे घेतले. एकेक खंड येई आणि फळी एकेक केसभर खाली जाई. सातवा-आठवा खंड आला तेव्हा वडिलांनी फळीखाली मधोमध एक वीट उभी केली. तिच्यावर जुन्या वहीचा पुठ्ठा. पुढे दर दोन-तीन वर्षांनी एक पुठ्ठा वाढत असे. त्यांना आधाराची जागा बरोबर कळली होती. वीट मात्र खालच्या फळीवरच उभी होती, जमिनीवर नाही. ती खालची फळीही मग वाकली. हे मला पन्नाशी उलटल्यावर समजलं.

सातारा जिल्ह्यात अशी जड पुस्तकं जपणारी ठिकाणं आणखी आहेत. औंधला पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये संग्रहालयाची इमारत उभी केली आणि तिच्यात चित्रांबरोबर ग्रंथांनाही जागा दिली. त्याच औंधात पंडित सातवळेकरांचं स्वाध्याय मंडळ होतं, तिथून वेदांच्या जाड संहिता घरोघर गेल्या. सांगलीकडे येताना किर्लोस्करवाडी लागते. लोखंडी नांगरांच्या त्या गावातून १९२० पासून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं, तेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, मग 'स्त्री' आणि 'मनोहर'. या मासिकांच्या वर्षावर्षाच्या बांधलेल्या फायली अजूनही जुन्या घरांत सापडतात आणि त्या फायलींइतकं फळीला छळणारं दुसरं काही नाही. मासिकं उभी राहत नाहीत म्हणून लोक ती आडवी रचतात. उभ्या ओळीवर निदान पुस्तकाच्या उंचीचा लगाम असतो. आडव्या थप्पीला तोही नसतो. दिवाळी अंकांचंही तेच. अंकांची थप्पी नेहमी टोकाला, आधाराजवळ लावा, मधोमध कधीच नको. एवढ्या एका बदलाने, एक खिळाही न ठोकता, निम्मा झोळ टळतो.

या दोन जिल्ह्यांत एकच नियम सगळीकडे चालत नाही, हेही इथेच सांगायला हवं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माणदेशात, आटपाडी-जतकडे, पाचशेच्या आसपास. ४ मे २०१७ ला भिलारला पुस्तकांचं गाव सुरू झालं, वेल्समधल्या हे-ऑन-वायच्या धर्तीवर. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी, लोकांच्या राहत्या घरांत, देवळात, शाळेत, मिळून पंधरा हजारांच्या आसपास पुस्तकं. स्ट्रॉबेरीच्या गावाने आपल्या ओसऱ्या आणि माजघरं वाचकांना उघडी करून दिली, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण पाचगणी-महाबळेश्वरच्या त्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने हवा ओली असते. ओल शोषलेलं लाकूड नरम पडतं. भार डोक्यावर असताना ते ओलं-कोरडं, ओलं-कोरडं होत राहिलं तर झोळ कोरड्या हवेतल्यापेक्षा कितीतरी वेगाने वाढतो. पार्टिकल बोर्ड तर काठातून पाणी पितो आणि बिस्किटासारखा फुगतो. तिकडच्या घरांसाठी माझा आग्रह आहे की फळी अडीच फुटांच्या वर जाऊ नये, सगळे कापलेले काठ बंद करून घ्यावेत, आणि कपाट भिंतीपासून दोन बोटं पुढे असावं. माणदेशात हवेचा त्रास नाही. तिथे वाळवी बघावी लागते, आणि उन्हाळ्यात लाकूड आक्रसून फळी खाचेत सैल होते तीही. ती चैत्रात हलवून पाहावी.

सांगलीचं दुखणं निराळं. जगात कुठल्याही ग्रंथपालाला विचारा, तो सांगेल की जड पुस्तकं सगळ्यात खाली ठेवा. त्याने कपाट स्थिर राहतं आणि वरच्या फळ्या वाचतात. सांगली-मिरजेच्या नदीकाठच्या भागात हा सल्ला तसाच पाळता येत नाही. २०१९ ला पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, तेव्हा १८६९ पासूनच्या सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली. ती उन्हात पसरलेली ज्यांनी पाहिली त्यांना वेगळं काही सांगायला नको. इटलीत फ्लॉरेन्सच्या लोकांनी नोव्हेंबर १९६६ मध्ये आर्नो नदीच्या पुरानंतर हेच पाहिलं होतं. भिजलेल्या पुस्तकाचं वजन दीडपट, कधी त्याहून जास्त होतं, आणि ते फुगतं. गच्च भरलेल्या खणातली पुस्तकं फुगली की ती कपाटाच्या बाजू आतून ढकलून फाकवतात. पाणी वरच्या खणापर्यंत पोचलं नाही तरी खालचे खण असे उखडले की सगळं कपाट बसतं. म्हणून नदीकाठी खण कधी गच्च भरू नये. तीन बोटं जागा सोडावी.

आता आमच्याकडे जमिनीपासून तीन फुटांपर्यंत काही नाही. त्याच्या वर जड कोश, आणि कोशांच्या फळ्यांखाली मधले पाट थेट जमिनीला उतरवलेले. हलक्या कादंबऱ्या अगदी वर. कपाट वरच्या बाजूने भिंतीला दोन अँगलनी बांधलेलं, कारण वजन वर नेलं की ते पुढे कलंडायला बघतं. पुराचा इशारा आला तर कोश हलवावे लागत नाहीत, आणि वर नेऊन ठेवायच्या गोष्टी पुस्तकांच्या फळीवर ठेवायच्या नाहीत हा घरात दंडक आहे.

२०१९ च्या आणि पुन्हा २०२१ च्या पुरानंतर अनेकांनी पुस्तकं सरळ वरच्या मजल्यावर नेली. तीही गोष्ट विचार न करता करू नये, म्हणून शेवटचं प्रकरण फळीचं नसून जमिनीचं आहे. भारतीय मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात राहत्या खोलीच्या जमिनीवर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरला आहे, तर ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या खोलीत, २.२ मीटर उंचीच्या रॅकसाठी, ६०० किलो. म्हणजे झोपायच्या खोलीचं ग्रंथालय केलं तर आपण तिच्याकडून तिप्पट मागत असतो. भिंतींना लागून एक-दोन कपाटं चालतात. खोलीच्या मधोमध रांगा लावू नयेत. साताऱ्या-वाईच्या जुन्या वाड्यांत, जिथे लाकडी तुळयांवर पाटई आणि वर मातीची जमीन आहे, तिथे कपाट तुळयांना आडवं येईल असं, भिंतीच्या कडेला उभं करावं. एका तुळईच्या लांबीवर सगळं कपाट बसवलं तर तिच्या एकटीच्या मानेवर ते जोखड येतं. शंका असेल तर आधी वास्तूची पाहणी करून घ्यावी, विशेषतः जिथे भिंतीत मुरलेल्या तुळईच्या टोकाला पावसाचं पाणी लागलेलं असेल.

पोटमाळ्याबद्दल थोडं स्पष्ट लिहिते. तो पातळ असतो, बऱ्याचदा एकाच भिंतीतून पुढे आलेला असतो, आणि पाणी चढू लागलं की सगळ्यात आधी आपण पुस्तकं तिथेच फेकतो. रिकामे डबे आणि गाद्या पोटमाळ्यावर, पुस्तकं पलंगावर. पलंग चार माणसांचं वजन घेतो. एवढं तरी प्रत्येक घरात सांगून ठेवावं.

मिरजेला वासुदेवशास्त्री खरे यांच्या नावाचं वाचनालय आहे. शास्त्रीबुवांनी पटवर्धनांच्या दप्तरातले कागद एकेक वाचून ऐतिहासिक लेखसंग्रहाचे खंड काढले. ते कागद त्यांच्या हाती येईपर्यंत पिढ्यान्पिढ्या कुणाच्या ना कुणाच्या माडीवर, कुठल्यातरी फडताळात, कुठल्यातरी फळीवर टिकून होते. त्या फळ्या ज्यांनी केल्या त्या सुतारांची नावं आपल्याकडे नाहीत. माझ्या मिस्त्रींनीही या पुस्तिकेत आपलं नाव घालू दिलं नाही. आकृत्या मात्र सगळ्या त्यांनीच काढून दिल्या आहेत, प्लायच्या तुकड्यांवर, पेन्सिलीने. मी त्या फक्त कागदावर उतरवल्या.

पहिलं प्रकरण वाचायला घेण्याआधी एक करा. घरातली सगळ्यात जड फळी निवडा. शिवणाचा दोरा तिच्या खालच्या बाजूने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून धरा. एका माणसाला दोन्ही टोकं धरता येत नाहीत, घरातल्या कुणाला तरी बोलवा. दोरा मधे फळीला टेकून टोकांशी सुटत असेल तर टोकांशी किती सूत सुटतो ते मोजा. तोच झोळ. मग कपाटाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, पेन्सिलीने तारीख आणि तो आकडा लिहा. आमच्या कपाटात जून २०२० पासूनचे आकडे आहेत. पहिला पाऊण सूत, आणि आजचाही पाऊणच.